देवघरातला झीरो

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरी देवघरात लाल झीरोचा दिवा आजीच्या काळापासून अखंड जळतो. वीजबिल जास्त आलं की सगळे ट्यूबलाइटवर घसरतात. झीरोला कोण विचारणार? नावातच शून्य.

एका रविवारी फ्रिजसकट सगळं बंद केलं, तेवढा दिवा चालू ठेवला आणि घड्याळ घेऊन मीटरसमोर बसलो. मीटरवर एक बारीक बत्ती लुकलुकते आणि शेजारी ३२०० हा आकडा छापलेला आहे. म्हणजे ती ३२०० वेळा लुकलुकली की एक युनिट. एकदा लुकलुकली, आणि पुन्हा लुकलुकायला तिनं ७५ सेकंद घेतले. हिशेब केला: १५ वॉट! रोजचे चोवीस तास धरले तर वर्षाला १३१ युनिट. जुनी ४० वॉटची ट्यूब चोकसकट पन्नासेक वॉट खाते, पण ती रोज पाचच तास लागते. वर्षाचे ९१ युनिट. उगाच बिचारीला बोलणी बसत होती.

हे झीरो नाव कसं पडलं? जुन्या चकतीच्या मीटरला एवढासा भार कळायचाच नाही, म्हणून, असं सांगतात.

त्या १५ वॉटांतून उजेड तरी किती मिळतो? तार तापून लाल-पिवळी होते तेव्हा बल्ब उजळतो, पण बहुतेक वीज उष्णता होऊन जाते. मोठ्या बल्बची तार अडीच हजार अंशांपर्यंत तापते. लहान बल्बची त्याहून थंड राहते, त्यामुळे वॉटमागे उजेड आणखी कमी. त्यावर लाल रंगाचा लेप! तो लाल सोडून बाकीचे रंग गिळतो. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात देवघरात चोवीस तास एक छोटी शेगडीच म्हणायची.

एलईडीत रंग गाळावा लागत नाही. इलेक्ट्रॉन अर्धवाहकाच्या स्फटिकात ठरावीक ऊर्जेची पायरी उतरतात आणि तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाश देतात. पायरी लहान असली की लाल. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी अमेरिकी अभियंते निक होलोनियाक यांनी १९६२ मध्येच करून दाखवला होता. आमच्याकडे तो आत्ता आला, अर्ध्या वॉटचा. वर्षाला साडेचार युनिटही नाहीत.

आईची अट एकच होती, लाल पाहिजे. दिवा बदलून मी पुन्हा मीटरसमोर बसलो. आता दोन लुकलुकींत साडेसदतीस मिनिटं जायला हवीत, आणि इतका बारीक प्रवाह मीटरला कळेलच असंही नाही. विसाव्या मिनिटाला आईनं फ्रिज चालू केला. दूध नासत होतं.