पावसात घर दाखवा, उन्हाळ्यात काम करा : ओल आणि गळतीबद्दल आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्हाला वर्षातून दोनदा एकदम खूप फोन येतात. पहिली लाट एप्रिल-मेमध्ये. वळवाचा एखादा पाऊस पडून जातो आणि लोकांना गेल्या वर्षीची गळती आठवते : "मृग लागायच्या आत स्लॅबचं काहीतरी करा." दुसरी लाट गणपतीच्या आधी पंधरा दिवस : "हॉलच्या भिंतीला पोपडे आलेत, पाहुणे यायचेत, वरनं एक हात मारून द्या की."

दोन्ही वेळा अडचण एकच असते. एप्रिलमध्ये भिंत कोरडी ठणठणीत असते, त्यामुळे पाणी कुठून आत येतं ते दिसत नाही. भाद्रपदात ते स्पष्ट दिसतं, पण ओल्या भिंतीवर काम टिकत नाही. म्हणून कोल्हापुरातल्या प्रत्येक घरमालकाला आमची विनंती आहे : गळत असताना, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये आम्हाला घर दाखवा. तेव्हा आम्ही फक्त बघू, खडूने खुणा करू, फोटो काढू. काम फेब्रुवारी ते मे या काळात करू.

हे आम्ही एका चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका घराच्या हॉलमध्ये पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकत होतं. आम्ही उन्हाळ्यात हुकाच्या बरोबर वरचा स्लॅब तासला, केमिकलचे दोन हात दिले, पैसे घेतले. पुढच्या जुलैत पाणी त्याच हुकातून ठिबकू लागलं. भर पावसात वर चढून पाहिलं तेव्हा कळलं, की पाणी दहा फूट लांब, शेजारच्या घराला लागून असलेल्या फटीतून आत शिरत होतं. स्लॅबमध्ये टाकलेल्या वायरिंगच्या पाइपातून ते वाहत यायचं आणि जिथे पाइपाला तोंड आहे तिथे, म्हणजे हुकाशी, खाली पडायचं. ते काम आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा केलं. तेव्हापासून पाण्याची वाट सापडल्याशिवाय आम्ही अंदाजपत्रक देत नाही.

ओल कधी येते आणि कुठे येते

ही दोन उत्तरं तुमच्याकडे असतील तर निम्मं निदान तुम्हीच केलंत. घरात राहणाऱ्या माणसाला जे माहीत असतं ते आम्हाला एका भेटीत कळत नाही.

ओल फक्त पावसाळ्यात येते आणि दिवाळीनंतर सुकते? मग पाणी छतातून किंवा बाहेरच्या भिंतीतून येतं. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंती आधी बघा. आपल्याकडे पावसाचा झोत तिकडूनच येतो, त्यामुळे एकाच घरात पूर्वेची खोली कोरडी आणि पश्चिमेची बुरसटलेली हे नेहमी दिसतं. पेठांमध्ये आणखी एक गोष्ट हमखास सापडते : बाजूची भिंत बाहेरून गिलावाच न केलेली. शेजारी कधीतरी बांधेल म्हणून विटा उघड्या सोडलेल्या असतात. शेजाऱ्याने बांधलं तरी दोन भिंतींमध्ये चार-सहा बोटं फट राहते आणि त्या फटीत चार महिने पाणी पडत राहतं. आतून कितीही लेप लावले तरी त्याचा इलाज होत नाही. दोन्ही घरांनी मिळून त्या फटीवर वरून पत्र्याची किंवा सिमेंटची टोपी बसवायला हवी. खर्च किरकोळ आहे, शेजाऱ्याशी बोलणंच काय ते अवघड. आम्हाला बोलवलंत तर दोघांना एकत्र बसवून समजावून सांगायला आम्ही तयार असतो.

ओल बारा महिने राहते, अगदी वैशाखातही? मग पाऊस सोडा, नळाचा पाइप तपासा. रात्री झोपताना टाकीत येणारा व्हॉल्व्ह बंद करा, पाण्याच्या पातळीवर खूण करा, घरातले सगळे नळ बंद ठेवा आणि सकाळी पातळी बघा. पातळी उतरली असेल तर टाकी किंवा टाकीपासून नळापर्यंतचा पाइप गळतोय.

ओल फक्त संडास-बाथरूमच्या मागच्या भिंतीला किंवा खालच्या छताला आहे? मग बहुतेक वेळा दोष फरशीच्या सांध्यांमध्ये किंवा नाहाणी ट्रॅपच्या, म्हणजे सांडपाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या भोवती असतो. बाथरूमचा स्लॅब खोलगट ठेवून त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात. फरशीतून झिरपलेलं पाणी त्या भरावात साठतं आणि हळूहळू खाली उतरतं. म्हणून बाथरूम चार दिवस वापरलं नाही तरी खाली ठिबकणं लगेच थांबत नाही, आणि लोकांना वाटतं की कारण दुसरंच आहे. किमान आठ-दहा दिवस वापर बंद ठेवून बघा.

ओल जमिनीपासून तीन फुटांपर्यंतच आहे आणि वरची भिंत कोरडी? ही जमिनीची ओल. वीट आणि माती दिव्याच्या वातीसारखं पाणी वर ओढतात. नव्या घरात जोत्यावर डीपीसीचा (डॅम्प प्रूफ कोर्स), म्हणजे ओलरोधक थर असतो, तो हे अडवतो. जुन्या घरात तो नसतो, किंवा नंतर अंगण-रस्ता भरून उंच झाल्यामुळे जोतं जमिनीखाली गेलेलं असतं. भिंतीवर पांढरी भुकटी दिसते, तो लोणा. पाणी सुकताना आतले क्षार वर आणून ठेवतं आणि तेच क्षार रंग ढकलून पाडतात. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातात.

नुसत्या कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी असेल तर तिथे अनेकदा गळती नसतेच. बंद खोलीतल्या दमट हवेतलं पाणी थंड भिंतीवर सुटतं. शंका असेल तर दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. पाण्याचे थेंब कागदाच्या आतल्या बाजूला असतील तर ओल भिंतीत आहे. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर कपाट चार इंच पुढे ओढा आणि खिडकी उघडी ठेवा. आमची गरज नाही.

कोब्यावर कोबा घालू नका

गच्ची गळायला लागली की आधीच्या कोब्यावर, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थरावर, दुसरा कोबा टाकायचा, ही सवय आम्हाला मनापासून काळजीत टाकते. चार इंचांच्या कोब्याचं वजन दर चौरस फुटाला अठरा-वीस किलोच्या घरात जातं. पाचशे फुटांच्या गच्चीवर ते नऊ-दहा टन होतं, म्हणजे भरलेला एक ट्रक कायमचा वर उभा केल्यासारखं. काही घरांवर आम्ही असे तीन थर पाहिलेत. खालचा गळका थर तसाच, त्यात साठलेलं पाणी तसंच, आणि त्याखाली स्लॅबची सळई गंजत चाललेली. गंजलेलं लोखंड फुगून दुपटीहून जास्त जागा घेतं. मग सिलिंगचे पापुद्रे पडतात, सळई उघडी दिसते. अशा ठिकाणी नुसता गिलावा चोपून देणारा मिस्त्री आला तर त्याला थांबवा. सुटं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढून, गंज घासून, गंजरोधक लेप देऊन मगच भरणी करायची असते. सळई बारीक झाली असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. ते आमचं काम नव्हे, आणि तसं आम्ही तुम्हाला स्पष्ट सांगू.

गच्चीचे खरे दोष बहुधा चार जागी असतात : कठडा आणि स्लॅब जुळतात तो कोपरा, पाण्याच्या पन्हळीचं तोंड, टाकीचे आणि डिश अँटेनाचे खिळे-बोल्ट, आणि उतार नसल्याने पाणी साचतं ती जागा. उतार शंभरास एक हवा, म्हणजे दहा फुटांत साधारण सव्वा इंच. पाऊस थांबल्यावर एक दिवसाने गच्चीवर जा. कुठे डबकं उरलंय ते खडूने घेरा. पन्हळीतली पानं, प्लास्टिक मेअखेरीस काढा. आम्ही पाहिलेल्या कित्येक गळत्या तेवढ्यानेच थांबल्या.

गच्चीवर रंगीत पत्र्याचं शेड हा हल्लीचा लाडका उपाय. सावली मिळते, कपडे वाळतात, पाऊसही अडतो. पण खांबाच्या पायथ्याशी स्लॅबला पाडलेली भोकं नीट भरली नाहीत तर तीच नवी गळती होते, आणि वादळी वाऱ्यात पत्रा उचलला जातो. महापालिकेची परवानगी लागते का, हे आधी विचारून घ्या.

पेठेतली जुनी घरं

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ इथे अजून दगड-मातीच्या जाड भिंतींची, सागवानी खांबांची घरं आहेत. त्यांच्या मालकांना आम्ही हात जोडून सांगतो : मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. ती भिंत श्वास घेते. पावसात ओल पिते, उन्हाळ्यात सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की ओल आत कोंडते, माती मऊ पडते आणि दोन-चार वर्षांत गिलावा फुगून बोटाने वाजवल्यावर पोकळ वाजतो. तिथे चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचाच रंग. चुन्याचं काम जाणणारे कारागीर कमी झालेत, पण आहेत. कौलारू छत असेल तर मेमध्ये शाकारणी करून घ्या, फुटकी कौलं बदला आणि दोन उतार मिळतात तिथली पन्हळ आधी बघा.

आणि गणपतीसाठी भिंत रंगवायचीच असेल, तर त्या वर्षी चुन्याचा एक हात द्या. चुना ओल अडवत नाही, त्यामुळे भिंत सुकत राहते. महागडा प्लास्टिक इमल्शन भाद्रपदात लावला तर पुढच्या आषाढात त्याचे पोपडे तुम्हाला झाडूने गोळा करावे लागतील.

पुराचं पाणी घरात आलं असेल तर

२००५, २०१९ आणि २०२१. पंचगंगेचं पाणी कुठल्या भागात किती चढलं ते दुधाळी, सुतारवाडा, रमणमळा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, बापट कॅम्प इथल्या माणसांना भिंतीवरच्या खुणांवरून तोंडपाठ आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी.

पाणी उतरल्यावर गाळ ओला असतानाच बाहेर काढा. सुकला की तो दगडासारखा होतो. लाइट चालू करण्याआधी परवानाधारक वायरमनकडून बोर्ड आणि वायरिंग तपासून घ्या. जमिनीतली टाकी उपसून, घासून, ब्लिचिंग पावडरने धुऊन घ्या. मग भिंतीकडे वळा, आणि इथे धीर धरा. भिजलेली वीटभिंत महिन्याला सुमारे एक इंच या हिशेबाने सुकते असं धरलं जातं. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असेल तरी चार-पाच महिने लागतात. २०१९ च्या ऑगस्टनंतर ज्यांनी दिवाळीआधीच रंग दिला, त्यांच्यापैकी अनेकांनी उन्हाळ्यात आम्हाला तोच रंग खरवडायला बोलावलं. तोवर फर्निचर भिंतीपासून लांब ठेवा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, आणि गिलावा पोकळ वाजत असेल तर तेवढा उतरवून टाका. भिंत लवकर सुकते.

दुरुस्ती करतानाच स्विचबोर्ड, मीटर आणि इन्व्हर्टर २०२१ च्या खुणेच्या वर न्या. ओट्याखाली प्लायवूडऐवजी कडप्प्याचे खण करा.

नवीन घर किंवा प्लॉट घेत असाल तर जागा पूररेषेत आहे का ते महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शेजारच्या जुन्या किराणा दुकानदारालाही विचारा. पाणी कुठवर आलं होतं ते तो हाताने दाखवेल.

अपार्टमेंटमध्ये खर्च कुणाचा

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून आणि बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची, आणि फ्लॅटच्या आतल्या संडास-सिंकच्या गळतीची ज्याच्या फ्लॅटमधून ती होते त्या सभासदाने. तुमची इमारत अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेली असेल तर डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारतीचं नोंदवलेलं घोषणापत्र वाचा. भांडण लागण्याआधी वरच्या घरात एकत्र जाऊन बघा; आमच्या अनुभवात वरच्यांना आपलं पाणी खाली जातंय हे बऱ्याचदा माहीतच नसतं.

अंदाजपत्रक घेताना

आमच्याकडून घ्या किंवा दुसऱ्याकडून, नुसता चौरस फुटाचा दर घेऊ नका. किती खोल तासणार, कोणतं मटेरियल, किती हात, दोन हातांत किती वेळ, सिमेंटच्या कामाला किती दिवस पाणी मारणार हे लिहून मागा. हल्लीच्या पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस पाणी हवं. डबे सील असताना तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत घरीच ठेवा. गॅरंटीचा कागद असेल तर ती कोण देतंय, कंपनी की ठेकेदार, आणि त्यात तोडफोडीचा खर्च धरलाय का ते बघा.

शेवटचा हप्ता पाणी कोंडून तपासल्यावरच द्या. पन्हळी बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी दोन दिवस ठेवायचं. दर चौरस फुटाला पावणेपाच किलो वजन होतं, त्यामुळे ज्या स्लॅबची सळई उघडी पडली आहे तिथे ही चाचणी करू नका. बाकी ठिकाणी आम्ही ती स्वतःहून करून दाखवतो.

आम्हाला बोलावताना घर किती जुनं आहे, आधी कोणतं काम कधी झालं, ओल कुठल्या महिन्यात सुरू होते हे एका कागदावर लिहून ठेवा. गळतीचे भर पावसातले फोटो असतील तर तारखेसह जपून ठेवा. रंग-पुट्टीने डाग झाकून ठेवले असतील तर आम्ही येण्याआधी तेवढा भाग खरवडून ठेवा. पहिली भेट पावसाळ्यात घेतलीत, तर शाडूची मूर्ती घरी यायच्या आधी आमच्या खुणा आणि अंदाजपत्रक तुमच्या हातात असेल. काम मात्र फेब्रुवारीत.