तुरटीचे बदललेले काम

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की ते निवळते, हे रसायनशास्त्र जन्मायच्या कितीतरी आधीपासून माणसाला ठाऊक आहे. पाण्यातल्या बारीक कणांवर बहुधा ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. तुरटीतले ॲल्युमिनियम तो भार उतरवते. कण चिकटतात, पुंजके होतात आणि तळाशी बसतात.

१८८४ मध्ये अमेरिकेत आयझाया स्मिथ हायट यांनी पेटंट घेतले, त्यात तळाशी बसण्याची वाटच पाहायची नव्हती. रसायन मिसळायचे आणि पाणी थेट वाळूच्या गाळणीवर सोडायचे. पुढे १८९५ ते १८९७ दरम्यान अमेरिकेतल्याच लुईव्हिल येथे अभियंता जॉर्ज फुलर यांनी ओहायो नदीच्या पाण्यावर प्रयोग केले. इतक्या गढूळ पाण्याला आधी निवळण हवीच, हे त्यातून दिसले. तुरटी, निवळण टाकी, वाळू हा क्रम तेव्हापासून रुळला.

मग मेम्ब्रेन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचे गाळणपटल, आले. १९८८ मध्ये फ्रान्समधल्या आमोंकूर येथे पिण्याच्या पाण्यासाठी अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे अशा मेम्ब्रेनमधून दाबाने पाणी गाळणे, सुरू झाले. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियममुळे सुमारे ४ लाख लोक आजारी पडले आणि क्लोरीनला दाद न देणारा हा जंतू अडवणाऱ्या मेम्ब्रेनचे महत्त्व वाढले. जंतू ४ ते ६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मेम्ब्रेनची छिद्रे त्याहून कितीतरी लहान. मग तुरटी कशाला?

उत्तर मेम्ब्रेनच्या चोंदण्याने दिले. कुजलेल्या पालापाचोळ्यातून आणि शेवाळातून आलेले सेंद्रिय पदार्थ छिद्रांत शिरून आतल्या भिंतींना चिकटतात. उलट्या प्रवाहाने धुऊनही सगळे निघत नाहीत. तुरटी त्यांतले बरेच पुंजक्यांत ओढून घेते आणि छिद्राबाहेरच ठेवते. शिवाय कण मोठे झाले की मेम्ब्रेनवरचा थर सैल राहतो. सच्छिद्रता तीच धरली, तर कणाचा व्यास दुप्पट होताच थराचा पाण्याला होणारा अवरोध साधारण एक चतुर्थांशावर येतो. मला या इतिहासातले हेच वळण सर्वांत मोलाचे वाटते: पुंजका जड असण्याची गरज संपली, तो छिद्रापेक्षा मोठा आणि सैल असला की पुरे. त्यामुळे निवळण टाकी वगळून रसायन वाहत्या पाण्यातच मिसळता येते. हायट यांची कल्पना अशी वेगळ्या कारणासाठी परतली.

सगळेच मात्र पकडले जात नाही. पाण्याशी जवळीक असलेली शर्करायुक्त द्रव्ये तुरटीला सहज सापडत नाहीत. मात्रा कमी पडली तर अर्धवट जुळलेले कण छिद्रांतच अडकतात; जास्त झाली तर उरलेले ॲल्युमिनियम पुढच्या रिव्हर्स ऑस्मोसिसच्या (विरघळलेले क्षारही अडवणाऱ्या गाळणीच्या) पटलावर साचते. जार टेस्टमध्ये, म्हणजे भांड्यांत वेगवेगळ्या मात्रा घालून केलेल्या चाचणीत, पाणी स्वच्छ दिसले म्हणून मात्रा बरोबर ठरत नाही. ती मेम्ब्रेनवरचा दाब किती वेगाने चढतो, ते पाहून ठरवावी लागते.