रुमी मस्तकी : घेण्यापूर्वी व वापरण्यापूर्वी

आमच्या दुकानातून आपण नेत असलेली रुमी मस्तकी ही ग्रीसमधील खिओस बेटावरच्या एका सदाहरित झुडपाचा वाळलेला चीक आहे. हे झुडूप पिस्त्याचे सख्खे भाऊबंद असून आंबा, काजू व बिब्बा यांच्याच कुळातले आहे. भूमध्य समुद्राकाठी ते इतरत्रही वाढते. परंतु बाजारातली अस्सल मस्तकी प्रामुख्याने खिओसच्या दक्षिण भागातील गावांतूनच येते.

उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून, सपाट करून तिच्यावर पांढरी चुनखडीची पूड पसरतात आणि सालीला टोकदार हत्याराने उथळ चिरा देतात. थेंबाथेंबाने गळालेला चीक दोन-तीन आठवड्यांत घट्ट होतो. पुढे वेचणे, चाळणे व धुणे झाल्यावर खड्यांना चिकटलेली माती आणि साल बारीक सुरीने हातांनीच खरवडून काढावी लागते. सर्वसाधारण झाडापासून वर्षाकाठी पाव किलोही माल मिळत नाही, हे लक्षात घेतल्यास तिची किंमत अवाजवी वाटणार नाही. लागवडीच्या या पद्धतीला युनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

मुखशुद्धीसाठी व पोटाच्या तक्रारींवर मस्तकी चघळण्याची रीत फार जुनी आहे. युनानी वैद्यकातील ‘जवारिश मस्तगी’ हे पाचक तिच्यापासूनच बनते. सौम्य अपचन आणि त्वचेची किरकोळ जळजळ वा जखम यांवरील तिचा पारंपरिक उपयोग युरोपीय औषध नियामक संस्थेनेही मान्य केला आहे. मात्र ही मान्यता पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वापरावर आधारलेली आहे, रुग्णांवरील चाचण्यांच्या पुराव्यावर नव्हे. मस्तकीने पोटातला अल्सर बरा होतो, असे अनेक जण छातीठोकपणे सांगतात. प्रयोगशाळेत ती अल्सरच्या जंतूंना मारते असे १९९८ मध्ये दिसले होते, पण पुढे रुग्णांवरील छोट्या चाचणीत ते जंतू गेले नाहीत. म्हणून आम्ही तसा दावा करत नाही.

मस्तकी म्हणजे डिंक नव्हे. ती पाण्यात विरघळत नाही आणि तुपात फुलत नाही, वितळते. त्यामुळे डिंकाच्या लाडवांसाठी ती कृपया नेऊ नये. पूड करायची असल्यास खडे थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवून, खलात चिमूटभर साखरेबरोबर हलक्या हाताने कुटावेत. मिक्सरच्या उष्णतेने ती पात्याला चिकटून बसते.

पारख दातांखाली होते : अस्सल खड्याचा आधी भुगा होतो, चव किंचित कडसर लागते आणि थोड्याच वेळात त्याचा पांढरा, लवचीक गोळा बनतो. भुगा भुगाच राहिला, तर पुडी परत आणावी.

काजू-पिस्त्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी मस्तकी टाळावी. गरोदर व स्तनदा स्त्रियांना आणि मुलांना ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. दोन आठवड्यांत अपचन थांबले नाही, तर डॉक्टरांकडे जावे. खडे घट्ट झाकणाच्या बरणीत, गार जागी ठेवावेत. जुने झाल्यावर ते पिवळे पडतात व त्यांचा वास उतरतो, म्हणून एका वेळी थोडीच मस्तकी न्यावी.