पार्श्वभूमी : 'नॉन-अटेनमेंट' शहरे आणि हवेच्या हद्दीचा प्रश्न

देशातील सुमारे 130 शहरे आज 'नॉन-अटेनमेंट' यादीत, म्हणजे हवेची राष्ट्रीय मानके न गाठलेल्या शहरांच्या यादीत आहेत. त्यांतली 19 महाराष्ट्रातली, म्हणजे इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. बातम्यांत हा शब्द 'सर्वाधिक प्रदूषित शहरे' अशा अर्थाने वापरला जातो. तो अर्थ चुकीचा आहे आणि सरकारी यंत्रणांच्या समन्वयाचे बरेचसे कोडे या गैरसमजातच आहे.

मुंबईत धुराविरुद्धचा कायदा 1912 सालीच आला होता. त्याचा रोख गिरण्यांच्या आणि भट्ट्यांच्या धुरावर होता. 1981च्या वायू प्रदूषण कायद्याने राज्यांना 'वायू प्रदूषण नियंत्रण क्षेत्र' जाहीर करण्याचा अधिकार दिला. इथे शब्द 'क्षेत्र' आहे, 'शहर' नाही. हा फरक पुढे फार महाग पडला.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी 2019 मध्ये सुरू झाला तेव्हा यादीत 102 शहरे होती. निकष असा की, सलग पाच वर्षे हवेची वार्षिक सरासरी राष्ट्रीय मानकांच्या वर राहिली तर ते शहर यादीत. पहिल्या यादीसाठी 2011 ते 2015 या वर्षांच्या नोंदी धरल्या होत्या. नोंद हवी म्हणजे मोजणीचे केंद्र हवे. जिथे केंद्रच नव्हते, तिथली हवा कितीही वाईट असली तरी ते शहर यादीत येणे शक्य नव्हते. म्हणजे यादीत नाव असणे हा जितका प्रदूषणाचा पुरावा, तितकाच मोजणी होत असल्याचाही. त्या वेळी राज्यातली 17 शहरे होती. मुंबई, नवी मुंबई, उल्हासनगर आणि बदलापूर आत, पण या सगळ्यांच्या मधोमध असलेले ठाणे बाहेर! ठाणे आणि वसई-विरार नंतर आले. पनवेल अजूनही नाही. तळोजा औद्योगिक वसाहत मात्र पनवेलला लागूनच आहे आणि तिथली दुर्गंधी खारघरमध्ये येते, अशी रहिवाशांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे.

शहर हे एकक धरल्यामुळे हवा सुधारण्याचा आराखडा करण्याची जबाबदारी महापालिकेकडे गेली. पालिकेच्या हातात काय असते? रस्ते, कचरा, बांधकाम परवाने, स्मशानभूमी. वीजकेंद्रे, रिफायनऱ्या आणि इंधनाचा दर्जा तिच्या अखत्यारीत येत नाही. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीजकेंद्र शहराच्या हद्दीबाहेर ऊर्जानगरला आहे, राख मात्र शहरावर पडते. अशा शहराने आराखड्यात काय लिहायचे?

दुसरा वादग्रस्त निर्णय मोजमापाचा. मूळ उद्दिष्ट 2017च्या तुलनेत 2024पर्यंत पीएम 10 आणि पीएम 2.5 (हवेतले 10 आणि 2.5 मायक्रॉनपर्यंतचे कण) हे दोन्ही 20 ते 30 टक्क्यांनी कमी करण्याचे होते. ते वाढवून 2025-26पर्यंत 40 टक्के केले, पण शहरांचे मूल्यमापन फक्त पीएम 10वर ठेवले. पीएम 2.5 मोजणारी केंद्रे तेव्हा फारच थोडी होती, हे कारण खोटे नाही. परिणाम मात्र व्हायचा तोच झाला. पीएम 10 म्हणजे मोठ्या प्रमाणात रस्त्यावरची आणि बांधकामाची धूळ, आणि अनुदान तिच्या घटीशी बांधलेले. त्यामुळे झाडणयंत्रे, पाण्याचे फवारे आणि रस्त्यांचे डांबरीकरण यांवर पैसा गेला. एका अभ्यासानुसार कार्यक्रमाच्या खर्चापैकी सुमारे 64 टक्के रक्कम रस्त्यांच्या धुळीवर खर्च झाली, उद्योगांवर 1 टक्क्याहूनही कमी. फुप्फुसात खोलवर उतरणारे बारीक कण ज्वलनातून येतात आणि झाडूने ते हटत नाहीत.

दिल्लीचा मार्ग वेगळा होता. तिथे 1998 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आग्रहाने प्रदूषण रोखण्यासाठी नेमलेले प्राधिकरण होते. 2020च्या अध्यादेशाने आणि 2021च्या कायद्याने त्याच्या जागी आयोग आला. शेजारच्या राज्यांनाही आदेश देण्याचा अधिकार त्याला आहे. तो किती वापरला गेला हा वेगळा विषय, पण हवेचे क्षेत्र अनेक सरकारांत विभागलेले असते हे निदान कायद्याने मान्य केले. मुंबई महानगर प्रदेशासाठी असे काहीच नाही.

म्हणून इथे समन्वयाचे काम न्यायालयावर आले. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईची हवा बिघडली. पालिकेने 27 कलमी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 70 मीटरहून उंच इमारतींच्या बांधकामाभोवती 35 फुटी पत्रे सक्तीचे केले. त्याच महिन्याच्या अखेरीस उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. जानेवारी 2025 मध्ये लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना इंधन बदलण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळाली. पावाच्या भट्टीला सहा महिने! कोळशावरच्या वीजकेंद्रांसाठी डिसेंबर 2015 मध्ये जाहीर झालेल्या मानकांची दोन वर्षांची मुदत त्यानंतर पुन:पुन्हा वाढत राहिली.

जुलै 2025 मध्ये केंद्राने बहुतेक वीजकेंद्रांना सल्फर डायऑक्साइड रोखणारी यंत्रणा बसवण्यातून सूट दिली. सूट कोणाला द्यायची हे ठरवताना तोच जुना शब्द पुन्हा आला. नॉन-अटेनमेंट शहरापासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांचा निर्णय प्रकरणागणिक होणार आहे. बाकी बहुतेकांना ती यंत्रणा बसवावीच लागणार नाही. यादीत नाव आहे की नाही, यावर आता चिमणीतून काय बाहेर पडणार हेही अवलंबून आहे.