भिगवणला ऑस्प्रे पाहायला येण्याआधी
आमच्या होडीसफरीच्या पाहुण्यांसाठी

भिगवणजवळ उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर बहुतेक मंडळी रोहित (फ्लेमिंगो) बघायला येतात. मग होडीत बसल्यावर कुणीतरी वर बोट दाखवून विचारतं, "ही पांढऱ्या पोटाची घार कुठली?" ती घार नव्हे, ऑस्प्रे. जवळजवळ पूर्णपणे माशांवर जगणारा हा शिकारी पक्षी थंडीत उत्तरेकडून आपल्याकडे उतरतो. त्याच्यासाठी आम्ही वेगळी सफर ठेवली आहे. ती रोहितांच्या सफरीपेक्षा बरीच संथ असते, म्हणून आधी थोडं सांगतो.

ओळख सोपी आहे. पाठ तपकिरी, पोट पांढरंशुभ्र आणि डोळ्यावरून मानेकडे गेलेला गडद पट्टा. उडताना लांब, अरुंद पंख मधेच दुमडल्यासारखे दिसतात. ब्राह्मणी घारीचं डोकं-छाती पांढरी असली तरी बाकी अंग विटकरी असतं, आणि साध्या घारीची शेपटी खाचेची असते. दलदलीवर खालून तरंगत जाणारा भोवत्या (हॅरियर) दिसला तर तोही ऑस्प्रे नव्हे.

खरं बघायचं ते त्याचं सूर मारणं. पाण्यावर घिरट्या घालता घालता तो एका जागी पंख फडफडवत थांबतो, थोडा खाली येतो, पुन्हा थांबतो. मग पंख मागे घेऊन कोसळतो आणि शेवटच्या क्षणी पाय पुढे काढून पाण्यात घुसतो. त्याची पोच साधारण मीटरभर खोलीपर्यंतच, म्हणून वरच्या थरात फिरणारे मासे त्याला लागतात. बाहेरचं बोट मागे वळवता येत असल्यामुळे तो दोन बोटं पुढे आणि दोन मागे करून मासा धरतो. तळव्यांवर बारीक काटे असल्याने चिलापीसारखा बुळबुळीत मासाही निसटत नाही. वर उठल्यावर हवेतच अंग झाडून पाणी उडवतो आणि माशाचं तोंड पुढे करून नेतो, म्हणजे वारा कमी अडतो. प्रत्येक सूर साधतोच असं नाही. रिकाम्या पायांनी वर आलेला ऑस्प्रे पुन्हा घिरट्या घालू लागतो, तेही बघण्यासारखं असतं.

आमची पद्धत अशी: नावाडी त्याची ठरलेली बैठक ओळखतात. पाण्यात उभी वाळकी बाभूळ असते, नाहीतर जाळ्यासाठी रोवलेला बांबू. तिथून साधारण शंभर मीटर अलीकडे इंजिन बंद करून आपण थांबतो. "अजून थोडं पुढे घ्या" असा आग्रह कृपया धरू नका. एकदा पाहुण्यांच्या शब्दाखातर आमच्याच होडीने अंतर मोडलं. पक्षी अर्धा खाल्लेला मासा पंजात घेऊन उडाला आणि त्या सकाळी त्या बाभळीवर परत आला नाही. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याची न्याहारी आपल्या फोटोसाठी मोडणं आम्हाला मान्य नाही. फोटोसाठी पाण्यात मासे टाकणं, कुरवांना (सीगल पक्ष्यांना) गाठी-शेव घालणं हेही आमच्या होडीवरून होत नाही. नायलॉनचा तुकडा पाण्यात तरंगताना दिसला तर नावाड्याला दाखवा, आम्ही उचलून घेतो.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. रोहितांना चिखल आणि उथळ पाणी लागतं, त्यामुळे धरणाचं पाणी ओसरेपर्यंत त्यांची वाट बघावी लागते. ऑस्प्रेला मात्र भरलेलं पाणीही चालतं, म्हणून फक्त त्याच्यासाठी येत असाल तर डिसेंबरच निवडा. पुण्याहून सोलापूर रस्त्याने भिगवण सुमारे शंभर किलोमीटर आहे; पहाटे निघालात तर कोवळ्या उन्हात होडी सुटते. सोबत ८×४२ ची दुर्बीण, टोपी, कानटोपी आणि पाणी आणा, कपडे मातकट रंगाचे घाला. लाइफ जॅकेट आम्ही देतो आणि ते घातल्याशिवाय होडी काठावरून हलत नाही.