मेस्सी चालतो, मग भारी कसा? चांगला फुटबॉलपटू आणि थोर फुटबॉलपटू

रविवारी सकाळी साडेसहाला सोलापुरात विजापूर रोडवरच्या एका शाळेच्या मैदानावर आम्ही फुटबॉल खेळतो. आम्ही म्हणजे चाळिशी ओलांडलेले पाच-सहा जण, कॉलेजची पोरं आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका. आठ वाजता ऊन टोचायला लागलं की सगळे चहाच्या गाड्यावर. परवा तिथं अकरावीतल्या एका पोरानं मोबाइलवर 2022 च्या वर्ल्डकपची फायनल, मेस्सीची अर्जेंटिना विरुद्ध एम्बापेचा फ्रान्स, लावली आणि काकांना विचारलं, "काका, खरं सांगा, ह्यो मेस्सी पळतोय कुठं? नुसता चालतोय की वो! एम्बापेनं बघा, फायनलला तीन गोल मारले."

"गप बे," त्याचा मित्र म्हणाला. "कप कुणी उचलला?"

काकांनी दोघांकडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, "तो चालत असतो तेव्हा त्याची मान बघितलास का?"

पोरगं गप्प झालं. मला मात्र घरी येईपर्यंत ते वाक्य सुटेना, कारण चांगला खेळाडू आणि थोर खेळाडू यांतला निम्मा फरक त्या मानेत आहे. ('महान' हा शब्द चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवाल्यांनी पार झिजवून टाकलाय, म्हणून मी 'थोर' म्हणतो.) एम्बापे थोर नाही असं माझं म्हणणं नाही. पोरानं माप चुकीचं लावलं, एवढंच.

आधी एक गोष्ट मान्य करू. 'चांगला' ही काही शिवी नाही. युरोपातल्या मोठ्या लीगमध्ये बाकावर बसून राहणारा खेळाडूसुद्धा आमच्या मैदानावर उतरला, तर अकराच्या अकरा जणांना चकवून गोल मारील आणि परत येऊन चहा पिईल. वेग, दम, जोरदार शॉट, चेंडूवर ताबा हे सगळं त्याच्याकडं असतंच. म्हणून दोघांतला फरक तिथं शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. पुष्कळदा चांगला खेळाडूच जास्त वेगवान असतो, जास्त ताकदीचा असतो, दिसायलाही जास्त चमकदार असतो. घोटाळा नेमका इथंच होतो.

चांगल्या खेळाडूचा खेळ चेंडू पायाशी आला की सुरू होतो. तो चेंडू थांबवतो, मान वर करतो, बघतो, ठरवतो, मग पास देतो. प्रत्येक गोष्ट नीट करतो, पण एकामागून एक करतो. थोर खेळाडूची यातली बरीच कामं चेंडू येण्याआधीच उरकलेली असतात. चेंडू दुसऱ्याच दोघांच्या मध्ये घरंगळत असतो, तेव्हा हा खांद्यावरून मागं बघून घेतो. आपल्यामागं कोण आहे, डावीकडं किती जागा आहे, गोलकीपर किती पुढं आलाय. वेळही अशी निवडतो, की त्या पाव-अर्ध्या सेकंदात चेंडूचं काही बिघडत नाही. पास निघाला की तो पोचेपर्यंत चेंडूची दिशा ठरलेली असते, तेवढ्यात बघून घेतलं तर काही चुकत नाही. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी इंग्लंडमधल्या प्रीमियर लीगच्या खेळाडूंचे सामने घेऊन हेच मोजलं. चेंडू मिळण्याआधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघतात, त्यांचे पास जास्त प्रमाणात बरोबर जातात, असं त्यांना आढळलं. स्पेनचा झावी तर खेळताना सतत मान फिरवत असे. उंची बेताची, धावण्यात सामान्य. पण चेंडू त्याच्यापाशी यायचा तेव्हा उत्तर तयार असायचं. म्हणून त्याच्याकडून चेंडू काढून घेणं इतकं अवघड होतं.

यातून आणखी एक गोष्ट निघते. आधी बघून ठेवलेला माणूस चेंडू घेताना अंग अर्धं वळवून उभा राहतो, म्हणजे पहिल्याच स्पर्शात चेंडू पुढं नेता येतो. न बघितलेला माणूस चेंडूकडं तोंड करून उभा राहतो, चेंडू थांबवतो आणि मग वळतो. तेवढ्यात मागचा येऊन भिडलेला असतो. टीव्हीवर आपण म्हणतो, "याला वेळच मिळत नाही बघा." वेळ दोघांना सारखाच मिळालेला असतो.

आता चालण्याचं. सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागू नये. एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की आमच्या पोरांचं काय होतं? पहिली दहा मिनिटं चेंडूच्या मागं सगळे मुंग्यांसारखे. विसाव्या मिनिटाला निम्मे कमरेवर हात ठेवून उभे. काका मात्र पहिल्यापासून चालतात. चालत चालत अशा जागी जाऊन उभे राहतात की चेंडू शेवटी तिथंच येतो. पोरं म्हणतात, काकांचं नशीब चांगलं आहे. दर रविवारी?

मेस्सी सामन्याचा बराच वेळ चालत असतो तो दमला म्हणून नव्हे. बचाव करणारे कुठं सरकतात, कुठली फट उघडी राहते, हे तो चालता चालता टिपत असतो, आणि धावायचं ते नेमक्या दहा-बारा पावलांत. त्याच फायनलचं छत्तिसावं मिनिट पुन्हा लावा. मेस्सीनं चेंडू हलक्या स्पर्शानं अल्वारेझकडं वळवला, तिथून मॅक अॅलिस्टर, तिथून डि मारिया, गोल. गोल करणाऱ्यांत मेस्सीचं नाव नाही, शेवटचा पासही त्याचा नाही. पण फ्रान्सचा सगळा बचाव उघडा पडला तो त्या एका वळवण्यानं. पुढं सामना 3-3 असा सुटला, एम्बापेचे तीन, मेस्सीचे दोन, आणि पेनल्टीत अर्जेंटिना 4-2 नं जिंकली. आकडे मांडायचे तर एम्बापे वर. पण छत्तिसाव्या मिनिटाचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडायचा?

पासबद्दलही थोडं. चांगला खेळाडू पास पोचवतो. थोर खेळाडू पास असा देतो, की घेणाऱ्याला विचारच करावा लागू नये. चेंडू किती जोरात आला, कुठल्या पायावर आला, यातच पुढं काय करायचं ते आलेलं असतं. 21 जून 1970, मेक्सिकोतली वर्ल्डकप फायनल, ब्राझीलचा इटलीविरुद्ध चौथा गोल. पेलेकडं चेंडू आला तेव्हा गोल समोर होता आणि तो पेले होता. शॉट घेतला असता तर कुणी बोट ठेवलं नसतं. तो थांबला, आणि उजवीकडं मोकळ्या जागेत चेंडू निवांत ढकलला. तिथं कुणीच नव्हतं. मग चित्राच्या कडेतून कार्लोस अल्बेर्तो धावत आला आणि पाय न अडखळता चेंडू जाळ्यात मारला. तो येतोय हे पेलेला ठाऊक होतं, आणि त्याच्या धावण्याच्या वेगाला पुरेल एवढाच जोर त्यानं चेंडूला दिला होता. पन्नास वर्षं होऊन गेली, तो गोल बघताना माझं लक्ष अजूनही मारणाऱ्याकडं जात नाही.

आमच्या कॉलेजच्या टीममध्ये एक लेफ्ट विंगर, म्हणजे डाव्या कडेनं चेंडू घेऊन पुढं चढणारा, होता. दोघा-तिघांना चकवायचा, प्रेक्षक वेडे व्हायचे. पण तो खेळला की बाकीचे दहा जण बघे व्हायचे. दुसरा एक मधल्या फळीतला, बिनचेहऱ्याचा पोरगा होता. तो आजारी पडला की मी, म्हणजे डावा बचावपटू, अचानक वाईट खेळायला लागायचो. का, ते मला तेव्हा कळलं नाही. तो नसला की माझ्यासमोर पास द्यायला कुणी नसायचं, हे समजायला मला पंधरा वर्षं लागली. दोघांपैकी थोर कुणीच नव्हतं, उगाच गावाचा अभिमान नको. पण थोरपण कुठल्या दिशेला असतं, ते त्या दुसऱ्यात दिसत होतं.

बिनचेहऱ्याच्या माणसाची किंमत न कळण्याची हीच चूक जगातल्या सगळ्यात श्रीमंत क्लबांपैकी एकानं केली होती. 2003 च्या उन्हाळ्यात स्पेनच्या रिआल माद्रिदनं डेव्हिड बेकहॅमला घेतलं आणि क्लोद माकेलेलेला इंग्लंडच्या चेल्सी क्लबकडं जाऊ दिलं. माकेलेले ना लांब शॉट मारायचा, ना केसांची स्टाइल करायचा. बचावाच्या पुढं उभा राहायचा, समोरच्याचा हल्ला सुरू होण्याआधीच चेंडू काढून घ्यायचा आणि जवळच्याला द्यायचा. झिदान, फिगो, ब्राझीलचा रोनाल्डो, राऊल असे तारे पुढं मोकळे खेळायचे ते याच्या जोरावर. पुढच्या हंगामात माद्रिद स्पेनच्या लीगमध्ये चौथं आलं आणि लीगचं विजेतेपद परत मिळायला 2007 उजाडलं. चेल्सीनं मात्र 2005 आणि 2006 अशी सलग दोनदा इंग्लंडची लीग जिंकली, त्याआधीचं त्यांचं विजेतेपद 1955 मधलं. माग चालवणाऱ्या घरातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. चादरीवरची फुलं सगळ्यांना दिसतात. पण मागावर आधी ताणलेला असतो तो उभा धागा. तो तुटला की माग थांबतो.

बचावपटूंच्या बाबतीत चांगल्या-थोरातला फरक आणखी फसवा असतो. जमिनीवर घसरत जाऊन चेंडू काढणारा बचावपटू टाळ्या घेतो. पण घसरावं लागलं, म्हणजे पुष्कळदा आधी जागा चुकलेली असते. पाओलो माल्दिनी इटलीतल्या मिलान क्लबसाठी पंचवीस हंगाम खेळला, 902 सामने. त्याचा बराचसा बचाव म्हणजे नुसतं योग्य जागी उभं राहणं होता, समोरच्याला पास द्यायचा विचारच बदलावा लागायचा. आता आमच्या मैदानावर मुरूम आहे. एकदा घसरलात की गुडघ्याची साल मैदानातच राहते, त्यामुळं इथं कुणी घसरत नाही. या हिशेबानं सोलापुरातून आतापर्यंत डझनभर माल्दिनी निघायला हवे होते. निघाले नाहीत, म्हणजे न घसरणं पुरत नाही.

वाईट दिवसाची कसोटी मला सगळ्यात खरी वाटते. चांगल्या खेळाडूचा दिवस खराब असला की तो सामन्यातून गायब होतो. थोर खेळाडू त्या दिवशी वेगळं काम शोधतो. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताचा बचावपटू जर्नेल सिंग याच्या डोक्याला दुखापत झाली, टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला तसाच पुढं आघाडीवर खेळवलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पी. के. बॅनर्जी यांनी एक गोल केला, दुसरा या टाके घातलेल्या डोक्याच्या बचावपटूनं. भारत 2-1 नं जिंकला, सुवर्णपदक आलं. त्या संघाचा कर्णधार चुनी गोस्वामी पुढं बंगालकडून रणजी क्रिकेटही खेळला, हे आपल्या क्रिकेटवेड्या मंडळींसाठी जाता जाता.

क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचचं उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण आमच्याकडं लोक म्हणतात, लहान गावातून कुठं खेळाडू होतात. 2011 च्या जनगणनेत एकट्या सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 43 लाख होती. सगळा क्रोएशिया देश मिळून जेमतेम 39 लाख. त्या देशानं 2018 च्या वर्ल्डकपात बाद फेरीचे सलग तीन सामने जादा वेळेपर्यंत लढून अंतिम फेरी गाठली, आणि बत्तिशीतला मॉड्रिच शेवटच्या मिनिटालाही पहिल्या मिनिटासारखाच डोकं शांत ठेवून खेळत होता. त्या वर्षीचा बॅलन डि'ऑर, म्हणजे सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्याला मिळाला. अर्थात क्रोएशियातल्या पोरांना क्लब आहेत, मैदानं आहेत. आमच्याकडं जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की होम मैदानावर आकाशपाळणे लागतात. जत्रा हवीच, सिद्धेश्वराची आहे. दुसरं मैदान हवं, एवढंच म्हणणं आहे.

सगळीच माणसं या दोन खणांत नीट बसत नाहीत. सुनील छेत्रीनं 2024 च्या जूनमध्ये कोलकात्यात निवृत्तीचा सामना खेळला तेव्हा भारतासाठी त्याचे 151 सामन्यांत 94 गोल होते. पुढच्या वर्षी तो परतलाही. आकडा मोठा आहे, पण समोरचे पुष्कळ संघ कच्चे होते, हेही खरं. मला त्याच्यात थोरपण दिसतं ते दुसरीकडं. पाच फूट सात इंच उंचीचा माणूस सहा फुटी बचावपटूंमध्ये डोक्यानं गोल करतो, म्हणजे चेंडू कुठं पडणार हे त्याला त्यांच्याआधी कळलेलं असतं. ती पुन्हा त्या मानेचीच गोष्ट.

आणि ही मान टीव्हीवर फारशी दिसत नाही. कॅमेरा चेंडूच्या मागं जातो, रील त्याहून वाईट, तिथं तर फक्त शेवटचे सहा सेकंद असतात. चकवणं दिसतं, गोल दिसतो, म्हणजे चांगला खेळाडू दिसतो. थोर खेळाडूचं निम्मं काम चौकटीबाहेर चाललेलं असतं. मी पोरांना सांगतो, मैदानात जाऊन बघा, आणि दहा मिनिटं चेंडू विसरून एकाच माणसावर नजर ठेवा. कंटाळा येतो, पण खेळ तिथंच कळतो.

गेल्या रविवारी त्या अकरावीतल्या पोरानं काकांचं बोलणं फारच मनावर घेतलं होतं. चेंडू त्याच्याकडं येत होता आणि हा डावीकडं बघ, उजवीकडं बघ, मागं बघ. चेंडू त्याच्या पायाखालून निघाला आणि थेट समोरच्या टीमकडं. सगळे हसले. काका लांबून ओरडले, "मान छान फिरवतोस की रे! आता एकदा चेंडूकडं पण बघ बाबा."