गुपितापासून गप्पांपर्यंत: लेसकामातल्या देवाणघेवाणीची पार्श्वभूमी

लेस विणणारी हौशी मंडळी एकत्र जमली की त्यांच्या बोलण्यात हातचे राखून काही नसते. कडेच्या टाचण्या जरा बाहेरच्या बाजूला कलत्या टोचल्या की कड सरळ येते, बॉबिनवरचा, म्हणजे दोरा गुंडाळायच्या बारीक काडीवरचा, दोरा आपोआप सुटू नये म्हणून शेवटी फास कसा घ्यायचा, मधेच दोरा संपला तर नवा कुठे जोडायचा, हे सगळे विचारणाऱ्याला बिनदिक्कत सांगितले जाते. त्यातच नातवंडांचे कौतुक, डोळ्यांच्या नंबराची तक्रार, पावसापाण्याची विचारपूस चालू असते. कुणाच्या वाढदिवसाला विणलेली वाचनखूण पोचते, कुणाला नाव कोरलेली बॉबिन भेट मिळते. हा मोकळेपणा या कलेत पहिल्यापासूनच असणार, असे वाटणे साहजिक आहे. इतिहास मात्र बराच वेगळा आहे. लेसच्या भरभराटीच्या काळात तिचे ज्ञान कडेकोट राखले जात होते, आणि ते खऱ्या अर्थाने खुले झाले ते लेसवर पोट भरेनासे झाल्यावर.

लेस युरोपात सोळाव्या शतकात आकाराला आली, तीही दोन वाटांनी. एक सुईची. कापडातले काही धागे काढून उरलेल्या जाळीवर टाके घालायचे काम आधीपासून होतेच. त्यात कापड कमी कमी होत गेले आणि शेवटी नुसत्या आखलेल्या रेघांवर दोरा टाचून त्याच्या आधाराने हवेतच टाके उभे राहू लागले. या प्रकाराचे माहेर व्हेनिस. दुसरी वाट बॉबिनची, म्हणजे कपड्यांच्या कडांना लावायच्या गुंफलेल्या पट्ट्यांमधून निघालेली. घट्ट भरलेल्या उशीवर टोचलेला नमुना बसवायचा, दोरा भरलेल्या बॉबिन्स जोडीजोडीने घ्यायच्या आणि टाचण्यांभोवती गुंफत जायचे. बघणाऱ्याला उशीवरचा तो पसारा पाहून घाबरायला होते, पण हालचाली दोनच आहेत. शेजारच्या दोन जोड्यांच्या चार बॉबिन्सपैकी मधल्या दोघींत डावी उजवीवरून न्यायची, ही एक. प्रत्येक जोडीतली उजवी डावीवरून न्यायची, ही दुसरी. बॉबिन लेसचे सगळे नमुने, राजेरजवाड्यांच्या कॉलरी, पदर, झालरी या दोन हालचालींच्या क्रमातून निघाल्या.

व्हेनिसमध्ये १५५७ साली बॉबिन लेसच्या नमुन्यांचे पुस्तक छापले गेले. त्यानंतर चार-पाच वर्षांतच झुरिकमध्ये आणखी एक निघाले, आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते. त्याच्या कर्तीने पूर्ण नाव दिलेले नाही, ‘आर. एम.’ एवढी आद्याक्षरे आहेत. ही कला १५३६ साली इटलीहून आलेल्या व्यापाऱ्यांबरोबर आपल्याकडे पोचली, असे तिने प्रस्तावनेत नोंदवले आहे. ती स्वतः ही कला शिकवत असे. म्हणजे लेसच्या अगदी बालपणी एक शिक्षिका आपल्याकडचे नमुने छापून लोकांच्या हाती देत होती. आजच्या हौशी मंडळींचे नाते जोडायचेच तर ते मी दरबारी लेसशी नाही, या बाईशी जोडेन.

पुढे पैसा आला आणि दारे बंद झाली. सतराव्या शतकात लेस ही कपड्यावरची सगळ्यात महागडी गोष्ट ठरली. फ्रान्सचा पैसा लेसच्या खरेदीत व्हेनिसकडे आणि फ्लँडर्सकडे (आजच्या बेल्जियमच्या भागाकडे) वाहत होता. तो थांबवण्यासाठी चौदाव्या लुईच्या मंत्र्याने, कोलबेरने, १६६५ साली राजाश्रयाने लेसचे उद्योग उभारले आणि त्यासाठी व्हेनिसच्या कारागीर बायकांना फ्रान्समध्ये आणले. कारागीर फोडून नेणे हाच त्या काळी तंत्र मिळवण्याचा खात्रीचा मार्ग होता.

काम ज्या पद्धतीने वाटले जाई त्यातही ज्ञान अडकून पडे. फ्रान्समधल्या आलँसाँची सुईची लेस अनेक टप्प्यांतून जाते: नमुना टोचणे, आखणी, जाळी, भरणी, उठावाची कड, आणि शेवटी सगळे तुकडे जोडणे. हे टप्पे वेगवेगळ्या बायकांच्या हाती असत. ब्रसेल्सच्या लेसमध्येही फुले करणारी वेगळी, जाळी करणारी वेगळी. एकीला आपला टाका डोळे मिटून यायचा, पण अख्खी वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत करणे तिच्या आवाक्यात नसे. नमुने व्यापाऱ्याचे, अनेकदा दोराही त्याचाच, आणि तयार मालाचा भावही तोच ठरवणार. एखादीने आपली युक्ती शेजारणीला सांगितली तरी तिच्या हाती येऊन येऊन काय येणार, तर एका फुलाची पाकळी. आलँसाँची ही परंपरा २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. एक चौरस सेंटिमीटरला सुमारे सात तास लागतात आणि पूर्ण शिक्षणाला सात ते दहा वर्षे, हे आकडे तेव्हाच्या नोंदीतले आहेत.

गप्पा आणि भेटी मात्र या कष्टाच्या काळातल्याच आहेत. इंग्लंडच्या पूर्व मिडलँड्स भागात पाच-सहा वर्षांच्या मुलींना लेसशाळेत बसवत. शाळा म्हणायची, पण शिकवणे कमी आणि काम जास्त. टाचण्या मोजत लय पकडायला त्या एका सुरात गाणी म्हणत. संध्याकाळी एका मेणबत्तीभोवती पाण्याने भरलेले काचेचे गोल ठेवून उजेड प्रत्येकीच्या उशीवर एकवटत. नोव्हेंबरात संत कॅथरिन आणि संत अँड्र्यू यांच्या दिवशी लेसवाल्या बायका सुट्टी घेऊन खाणेपिणे, नाचगाणे करत.

याच भागातली बॉबिन हातात घेऊन पाहावी. बोटभर लांबीची, लाकडाची किंवा हाडाची बारीक काडी. खालच्या टोकाला तारेत ओवलेले काचमण्यांचे कडे. ते शोभेसाठी लावले असावे असे वाटते, पण त्याचे काम आहे: वजनामुळे दोरा ताणलेला राहतो आणि बॉबिन उशीवर घरंगळत नाही. इंग्लंडच्याच नैऋत्येकडच्या डेव्हनमधल्या हॉनिटन लेसच्या बॉबिनला मणी नसतात. तिथे बॉबिन विणलेल्या भागातल्या फटींतून ओढून काढावी लागते, म्हणून ती गुळगुळीत आणि टोकदार. मिडलँड्सच्या हाडाच्या बॉबिनवर बारीक छिद्रांची अक्षरे काढून त्यात लाल-निळा रंग भरलेला दिसतो. त्यात आईचे नाव, बाळाची जन्मतारीख, प्रियकराची लाडीगोडी. काहींवर तर फाशी गेलेल्यांची नावे आहेत. बेडफर्डला १८४३ साली फाशी दिलेल्या सारा डॅझलीच्या नावाची बॉबिन प्रसिद्ध आहे. गावात काय घडले, कोण जन्मले, कुणाचे जमले, हे सगळे उशीवर लोंबत असे. आज मैत्रिणीला नाव-तारीख घालून बॉबिन देतात, ती प्रथा सरळ इथून आली आहे.

मग यंत्र आले. इंग्लंडमधल्या जॉन हीथकोटने १८०९ साली बॉबिन लेससारखी जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. १८१६ मध्ये त्याच्या लफबरोच्या कारखान्यातली यंत्रे फोडली गेली, तेव्हा तो धंदा उचलून डेव्हनमधल्या टिव्हर्टनला गेला. नॉटिंगहॅमच्या जॉन लीव्हर्सच्या १८१३च्या यंत्रातून पुढे नक्षीदार लेसही निघू लागली. व्हिक्टोरिया राणीने १८४०च्या लग्नात हॉनिटन लेस मुद्दाम वापरली. त्याने डेव्हनच्या बायकांना काही काळ काम मिळाले, पण उतरण थांबली नाही.

या उतरणीतच बुरानोची गोष्ट घडली. व्हेनिसजवळच्या या मासेमारी बेटावर १८७२च्या कडक हिवाळ्यात उपासमारीची वेळ आली आणि बायकांना काम द्यायला लेस पुन्हा सुरू करायचे ठरले. पण जुना टाका येणारी एकच म्हातारी उरली होती, चेंचा स्कार्पारिओला. तिचे वय सत्तरीपुढचे. तिला करता येत होते, समजावून सांगता येत नव्हते. तेव्हा शाळेतल्या शिक्षिका आन्ना बेलोरिओ द’एस्ते तिच्याशेजारी बसून बघत राहिल्या, तिचा हात वाचत टाका शिकल्या आणि मग त्यांनी मुलींना शिकवला. गुपित राखण्याची किंमत काय असते, ते यापेक्षा स्पष्ट कुठे दिसत नाही. एक म्हातारी त्या हिवाळ्याआधी गेली असती तर तो टाका बेटावर शिकवायला कुणी उरले नसते.

विसाव्या शतकात लेस धंदा म्हणून जवळपास संपली आणि हौस म्हणून उभी राहिली. अमेरिकेत जुन्या लेसच्या चाहत्यांची संघटना १९५३ मध्ये निघाली, ब्रिटनमध्ये लेस गिल्ड १९७६ मध्ये, आणि बॉबिन व सुईच्या लेसची आंतरराष्ट्रीय संघटना ओआयडीएफए १९८२ मध्ये. आता विकायचे नसल्याने लपवण्यात फायदा उरला नाही. उलट शेजारपाजारी दुसरे कुणी लेस करणारे नसल्याने, अडल्यावर दूरवरच्या अनोळखी माणसाला विचारणे भाग पडले. यातून एक सुंदर सोय रुळली: आकृत्यांमधले ठरलेले रंग. साधी कापडी वीण जांभळी, अर्धी वीण हिरवी, जास्तीचा पीळ घेतलेली वीण लाल. बेल्जियममधल्या शिक्षणातून पसरलेल्या या पद्धतीमुळे भाषा न येणारी व्यक्तीही परक्या देशातला नमुना उशीवर उतरवू शकते.

या मोकळेपणाला एक कुंपण आहे आणि ते असलेच पाहिजे, असे मला वाटते. युक्ती सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचे नमुनेही सगळ्यांचे. पण आज जी व्यक्ती नवा नमुना आखते, तो आधी विणून बघते, चुका काढते, तिच्या नमुन्याच्या छायाप्रती वाटणे हे देवाणघेवाणीत बसत नाही. तो विकत घ्यावा, विणलेली वस्तू दाखवताना आखणाऱ्याचे नाव लिहावे, आणि विणताना जे अडेल ते खुशाल विचारावे, हा रिवाज बहुतेक मंडळींत पाळला जातो.